"बाहेरचे" म्हणजे नेमके कोण? उमेदवाराला आधी हे विचारा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही यावल तालुक्यातले केळी उत्पादक. तुमच्या जिल्हा परिषद गटात दोन उमेदवार तोलामोलाचे आहेत. एक सभेत म्हणाला, "निवडून आलो की सहा महिन्यांत बाहेरच्यांना हाकलतो आणि एमआयडीसीत ऐंशी टक्के आपली पोरं लावतो." दुसरा म्हणाला, "माझ्या गटात कोणी कोणाला बाहेरचा म्हणणार नाही." टाळ्या पहिल्याला जास्त पडल्या. पण तुमच्या बागेत घड कापायला येणारी माणसं सातपुड्याच्या पलीकडून, बडवानी-खरगोनकडून येतात, आणि तुमचा सख्खा भाचा चाकणला कंपनीत आहे. दोघांपैकी कोणाच्या बोलण्यात दम आहे हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी जळगावात २७ वर्षं वकिली करतोय. मजुरांच्या थकलेल्या मजुरीचे दावे, सिंधी कुटुंबांचे नागरिकत्वाचे अर्ज आणि राहून गेलेल्या जन्मनोंदी, यातच माझी बरीच वर्षं गेली. कोणाला मत द्या हे मी सांगणार नाही. भाषण कसं उलगडायचं तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे "बाहेरचे" हा शब्द कायद्यात कुठेच नाही. सभेत तो एकच वाटतो, पण त्याच्या आत निदान चार वेगवेगळी माणसं असतात आणि प्रत्येकासाठी कायदा वेगळा आहे. तुमच्या बागेतला पावरा आदिवासी मजूर हा भारताचा नागरिक आहे. घटनेच्या कलम १९ ने त्याला देशात कुठेही फिरण्याचा, राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क दिलाय. एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात किंवा दाळ मिलमध्ये काम करणारा बिहारचा पोरगा, तोही नागरिकच. सराफ बाजारात मागच्या खोलीत बसून दागिने घडवणारा बंगाली कारागीर नागरिक आहे, पण बोली बांगला असल्याने संशय पहिल्यांदा त्याच्यावर येतो. आणि चौथा तो, जो खरोखर परक्या देशाचा आहे. त्यातही दोन प्रकार आहेत. एक पासपोर्ट-व्हिसाशिवाय घुसलेला, दुसरा रीतसर व्हिसावर येऊन वर्षानुवर्षं नागरिकत्वाची वाट बघणारा.

म्हणून उमेदवार समोर आला की पहिला प्रश्न हाच टाका: "भाऊ, यातल्या कोणाबद्दल बोलताय?" तो स्पष्ट सांगू शकला तर पुढे बोलण्यात अर्थ आहे. "तुम्हाला माहितीये मी कोणाबद्दल बोलतोय" असं म्हणून त्याने डोळा मारला, तर त्याच्याकडे धोरण नाही हे समजून घ्या.

दुसरा प्रश्न खुर्चीचा. कोणत्या खुर्चीसाठी उभा आहे आणि त्या खुर्चीला हे अधिकार आहेत का? आपल्याकडे सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, म्हणून इथे जरा थांबतो. नागरिकत्व, परकीय नागरिक, देशात येणं-जाणं, पासपोर्ट, व्हिसा, हद्दपारी हे सगळे विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत आहेत, १७ आणि १९ क्रमांकावर. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारं स्थलांतर हाही विषय केंद्राकडेच, क्रमांक ८१. म्हणजे या विषयावर कायदा करायचा तर तो संसदेने. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबार या चार मतदारसंघांतल्या लोकसभेच्या उमेदवाराला तुम्ही घुसखोरीवर जाब विचारू शकता, आणि विचारायलाच हवा. आमदाराचा हात फक्त अंमलबजावणीपर्यंत पोहोचतो, कारण परकीय नागरिक शोधण्याचं आणि परत पाठवण्याचं काम केंद्राने राज्य सरकारांकडेही सोपवलेलं आहे. जिल्ह्यात परकीयांची नोंदणी पोलीस अधीक्षकांकडे होते. जिल्हा परिषद सदस्याकडे यातलं काहीच नाही. सहा महिन्यांत हाकलण्याचं जे वचन तुम्ही ऐकलं, ते पाळण्याचा अधिकार त्या खुर्चीला मुळी नाहीच.

मग जिल्हा परिषदेच्या हातात काय असतं? बरंच असतं, पण त्यावर टाळ्या पडत नाहीत. गावातल्या जन्मनोंदीची वही ग्रामपंचायतीत असते. शाळा, अंगणवाडी, लसीकरण, प्राथमिक आरोग्य केंद्र हे जिल्हा परिषदेचं. पारोळा-चाळीसगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांची मुलं मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. जी मुलं आईबापांबरोबर जातात त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, ते दाखवून नव्या गावच्या शाळेत मूल बसू शकतं. तुमच्या दोन्ही उमेदवारांना विचारा, आपल्या गटातली किती मुलं दिवाळीनंतर शाळेतून गायब होतात? त्यांच्यासाठी वसतिगृह चालू आहे का? नोव्हेंबरात उघडायचं ते जानेवारीत का उघडतं? दुसरा उमेदवार, जो सगळ्यांना आपलं म्हणतो, त्याचीही खरी परीक्षा इथेच होते. मजुरांची पोरं बागेच्या बांधावर बसलेली असताना नुसतं "कोणी बाहेरचा नाही" म्हणणं सोपं आहे.

आता जन्मनोंदीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण गेल्या काही वर्षांत घुसखोरीचा विषय आपल्या भागात याच वाटेने शिरलाय. मालेगावात उशिरा काढलेल्या जन्मदाखल्यांचा मुद्दा गाजला आणि राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमलं. तहसील पातळीवरचं उशिराच्या नोंदींचं कामही काही काळ थांबलं. मालेगावचे दोन्ही विधानसभा मतदारसंघ धुळे लोकसभेत येतात, त्यामुळे हा विषय आपल्याकडे प्रचारात येणारच. खोटा दाखला देणारा आणि घेणारा दोघांनाही शिक्षा व्हायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खोट्या दाखल्याने नागरिकत्वाचा पायाच पोखरला जातो. पण त्याच काळात माझ्याकडे आलेली एक बाई मला आठवते. यावलच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरची. तिने दुधाच्या पिशवीत घडी करून चार कागद आणले होते. फाटलेलं रेशन कार्ड, लसीकरणाचं कार्ड, शाळेने दिलेला एक शेरा आणि नवऱ्याचं आधार. मूल घरीच झालेलं, दाईच्या हातून. नोंद कोणी केलीच नव्हती. मुलगी सहावीत, शिष्यवृत्तीसाठी दाखला हवा. चार महिन्यांत बाईचे आठ हेलपाटे झाले होते आणि प्रत्येक हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी गेली होती. प्रत्येक वेळी तिला एकच उत्तर मिळे, "सध्या बंद आहे."

म्हणून कडक पडताळणीची भाषा करणाऱ्याला मी नेहमी एक जोडप्रश्न विचारतो: "खोटा दाखला पकडाल, पण खरा दाखला किती दिवसांत द्याल?" ज्याने विषयाचा विचार केलाय तो मुदत सांगतो, गावोगाव शिबिर घेऊ म्हणतो, आशाताई आणि पोलीस पाटलांच्या नोंदी पुरावा म्हणून धरायला लावू म्हणतो. ज्याने केलेला नाही तो आवाज चढवतो. आणि पडताळणीच नको म्हणणाऱ्याला उलटा प्रश्न: "मग बनावट कागदावर मतदार यादीत शिरलेलं नाव तुम्ही कसं काढणार?" त्यालाही सुटका देऊ नका.

नागरिकत्व कोणाला, हा मुद्दा सभेत सगळ्यात जास्त चुकीचा सांगितला जातो. नुसत्या भारतात जन्माने नागरिकत्व मिळतं ते १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेल्यांना. त्या तारखेपासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यांच्या बाबतीत आईबापांपैकी एक भारतीय असावा लागतो. त्यानंतर जन्मलेल्यांसाठी एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा, अशी दुहेरी अट आहे. म्हणजे नुसता जन्मदाखला दाखवला म्हणून कोणी नागरिक होत नाही, आणि नुसता दाखला नाही म्हणून कोणी परका ठरत नाही. उमेदवाराला या तारखा पाठ नसतील तर हरकत नाही, पण खासदारकीला उभा असलेल्या माणसाला एवढा फरक तरी कळायला हवा.

नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीबद्दलही असंच. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी ती आहे. वास्तव्याची अट ११ वर्षांवरून ५ वर आली, आणि नियम मार्च २०२४ मध्ये निघाले. जळगावच्या सिंधी कुटुंबांमुळे आपल्याकडे हा विषय कागदावरचा नाही, घरातला आहे. फाळणीनंतर आलेल्यांचे नातेवाईक पुढेही येत राहिले, दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहिले. त्यांच्या फायली मी हाताळल्यात. एकाच घरात थोरला भाऊ नागरिक, धाकटा पाकिस्तानी पासपोर्टवर, आणि दोघांचं दुकान एकच, असं मी पाहिलंय. आता कोणी उमेदवार त्यांच्यापुढे म्हणाला की "मी तुम्हाला नागरिकत्व मिळवून देतो", तर त्याला नियम वाचायला सांगा. २०२४ च्या नियमांत जिल्हास्तरीय समितीचा प्रमुख टपाल खात्याचा अधीक्षक आहे, आणि अर्ज ऑनलाइन करायचा. आमदाराच्या शिफारशीला तिथे जागा नाही. आणखी एक गफलत हल्ली ऐकू येते. २०२५ मध्ये निघालेल्या आदेशाने ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या याच लोकांना कागदपत्रांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट दिली. ती राहण्यापुरती सूट आहे. नागरिकत्वाची तारीख २०१४ चीच राहिली. या दोन तारखा एक करून कोणी टाळ्या घेत असेल तर तो गरजू माणसांना खोटी आशा दाखवतोय, आणि मला त्याचा फार राग येतो.

घुसखोरांवरचा कायदा आता नवा आहे. परकीयांसंबंधीचे चार जुने कायदे रद्द करून आणलेला इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. कागदाशिवाय घुसलं तर ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. खोट्या कागदावर आलं तर २ ते ७ वर्षं कैद आणि दंड १ लाख ते १० लाख. म्हणजे "कडक कायदा आणू" हे आश्वासन शिळं झालंय, कायदा आलेला आहे. प्रश्न उरतो तो माणूस ओळखायचा कसा याचा. आपण परके नाही हे सिद्ध करायचा भार जुन्या कायद्यातही त्या माणसावर होता, नव्यातही आहे. म्हणून पडताळणी किती नीट होते, यावर सगळं अवलंबून.

एका बंगाली कारागिराला एका पोलीस ठाण्यात संशयावरून बसवून ठेवलं होतं. त्याच्या गावच्या पोलिसांकडून उत्तर यायला अकरा दिवस लागले. माणूस नदिया जिल्ह्यातला निघाला. त्या अकरा दिवसांत त्याचं काम गेलं, खोली गेली, आणि मालकाने दुसऱ्या बंगाली कारागिरांनाही "तुम्ही गावी जा" म्हणून सांगितलं. खरोखरचा परकीय सापडला तरी काम तिथे संपत नाही. तो ज्या देशाचा आहे त्या देशाने त्याला आपला म्हणायला हवं, मग सीमा सुरक्षा दलामार्फत पाठवणी. यातली प्रत्येक पायरी दिल्लीतून होते. उमेदवार या पायऱ्यांबद्दल काही बोलतो का, की फक्त ट्रकमध्ये भरून पाठवू म्हणतो, हे ऐका.

ऐंशी टक्क्यांकडे येतो. हे वचन नवं नाही. मोठ्या उद्योगांत एकूण पदांत ८० टक्के आणि पर्यवेक्षकांच्या पदांत ५० टक्के स्थानिक, असा महाराष्ट्र शासनाचा निर्णय २००८ चा आहे, आणि धोरण त्याच्याही आधीपासूनचं. स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं वास्तव्य असलेला. म्हणजे उमेदवार जे देतो म्हणतोय ते कागदावर तुमच्याकडे आधीच आहे. तरी आपल्या पोरांची तक्रार खरी का? तर कंपनीच्या हजेरीपटावर माणसं थोडी असतात आणि खरं काम ठेकेदाराच्या माणसांवर चालतं. ठेकेदार त्यांना बारा तासांच्या पाळीला घेतो, शेडमध्येच राहायला लावतो. आपला पोरगा आठ तासांनी घरी जातो म्हणून तो ठेकेदाराला महाग पडतो. बिहारचा पोरगा स्वस्त पडतो, कारण त्याचा जादा कामाचा मोबदला बुडवला जातो. म्हणून स्थानिकांच्या नोकऱ्यांची खरी काळजी असलेला उमेदवार ठेकेदारी, किमान वेतन आणि जादा कामाचे पैसे यावर बोलतो. तो पोरगा त्या शेडमध्ये फुकट राबतो तोवर आपल्या पोराला तिथे जागा नाही.

सक्तीचा कायदाच करू म्हणणाऱ्याला हरयाणाचं विचारा. तिथे खासगी नोकऱ्यांत, महिना ३० हजारांपर्यंतच्या पगारात, ७५ टक्के स्थानिक असा कायदा झाला, जानेवारी २०२२ पासून लागू झाला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरयाणा उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारी नोकरीत रहिवासाची अट घालायचा अधिकार तर कलम १६(३) प्रमाणे फक्त संसदेला आहे. "आमचा कायदा कोर्टात कसा टिकेल?" याचं उत्तर ज्याच्याकडे नाही त्याचं वचन पहिल्या याचिकेपुरतं आहे.

नंदुरबारकडच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या भागात "बाहेरचा" या शब्दाचा रोख बहुतेक वेळा जमीन घेणाऱ्या बिगर आदिवासीवर असतो, आणि ती तक्रार कायद्यात बसणारी आहे. हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीचा, म्हणजे आदिवासींच्या हितासाठी खास तरतुदी असलेला भाग. फिरण्या-राहण्याच्या हक्कावरही आदिवासींच्या हितासाठी वाजवी बंधन घालता येतं, असं कलम १९(५) मध्येच लिहिलंय. जमीन महसूल संहितेच्या ३६ आणि ३६अ कलमांमुळे आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीकडे जाऊ शकत नाही. इथे आमदाराचं वजन खरंच चालतं. त्यामुळे तिथल्या उमेदवाराला परत मिळवून दिलेल्या जमिनींची प्रकरणं विचारा, सर्व्हे नंबरासकट. याच पट्ट्यातला दुसरा पेच: ज्यांचे आजोबा १९५० नंतर मध्य प्रदेशातून आले, त्या पावरा-बारेला कुटुंबांना इथे जमातीचा दाखला मिळताना अडचण येते, कारण दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० ची तारीख धरतात. दोन पिढ्या इथेच गेल्या तरी नातू दोन्ही राज्यांच्या मधे लटकतो. यावर दोन्ही बाजूंचा एकही उमेदवार बोलताना मी ऐकलेला नाही.

सीमा आपल्याकडे किती अलीकडची आहे हेही लक्षात असू द्या. मोगल काळात खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं बऱ्हाणपूर होतं. आज ते मध्य प्रदेशात आहे. रावेरच्या माणसाला बऱ्हाणपूर जळगावपेक्षा जवळ पडतं, बाजार तिथला, सोयरीक तिथली. नवापूर स्टेशनवर तर राज्याची हद्द फलाटातूनच जाते. तिथल्या बाकाचं अर्धं अंग महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. त्या बाकावर पहाटे जी माणसं गाठोडी घेऊन बसलेली असतात ती आपली असतात, बारडोलीकडे ऊसतोडीला किंवा सुरतेला निघालेली. मुकादमाकडून उचल घेतलेली, कोयता गाठोड्यात. ती गाडीत बसली की सुरतेत ती परप्रांतीय. म्हणून कोणत्याही उमेदवाराला मी हा प्रश्न विचारल्याशिवाय सोडत नाही: "आपली जी माणसं बाहेर जातात त्यांच्यासाठी तुम्ही काय केलं?" मुकादमाने मजुरी बुडवली तर गुजरातच्या कामगार कार्यालयात कोण भांडणार? आंतरराज्य स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा आता नव्या कामगार संहितेत गेलाय, ती नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. स्वतःहून गेलेला मजूरही आता त्या व्याख्येत येतो, गावी जाण्या-येण्याच्या भाड्याची तरतूद आहे. ती मिळवून द्यायची कशी, हे विचारा. आखातात जाणाऱ्या पोरांचंही तेच. दहावी न झालेल्याला १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर सरकारी मंजुरी लागते आणि नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क ३० हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. भुसावळ-धुळ्याकडची पोरं याच्या कितीतरी पट देऊन बसतात.

शब्दांनंतर कागद तपासा. आजी-माजी खासदाराने पाच वर्षांत या विषयावर किती प्रश्न विचारले ते संसदेच्या संकेतस्थळावर नावानिशी सापडतं. मतदानाची नोंद मात्र सावधपणे वाचा. २०१९ ची नागरिकत्व दुरुस्ती लोकसभेत ३११ विरुद्ध ८० ने मंजूर झाली, तिथे कोण कुठे होतं ते कळतं. पण बरीच विधेयकं आवाजी मतदानाने जातात, त्यात एकेकाची नोंद राहत नाही. शिवाय पक्षाचा व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे खासदाराचं मत म्हणजे बहुधा पक्षाचं मत. लोकसभेला पक्षाचा जाहीरनामा माणसाइतकाच महत्त्वाचा, जिल्हा परिषदेला माणूस. नव्या उमेदवाराचं शपथपत्र बघा. द्वेष पसरवल्याचा गुन्हा आहे का, तसाच मजुरी बुडवल्याचा किंवा कामगार कायद्याचा खटला आहे का. आणि अगदी साधी गोष्ट, त्याच्या स्वतःच्या बागेत, वीटभट्टीवर, बांधकामावर कोण राबतं आणि त्यांना काय मजुरी मिळते, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्यास्ले इचारा.

तुमच्या दोघांबद्दल, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून: पहिल्याने जे कबूल केलं ते त्याच्या खुर्चीत नाही. दुसऱ्याने काहीच कबूल केलेलं नाही. दोघांनाही एकाच पारावर, लोकांसमोर, हंगामी वसतिगृह, जन्मनोंदी आणि लसीकरण यांवर तारीखवार बोलायला लावा. त्याआधी हातात आकडे असू द्या. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकारात तीन अर्ज करा. पहिला ग्रामपंचायतीत, गेल्या तीन वर्षांत उशिराच्या किती जन्मनोंदी आल्या आणि किती पडून आहेत. दुसरा जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागात, तालुक्यात हंगामी वसतिगृहं कोणत्या तारखेला उघडली. तिसरा जिल्हा उद्योग केंद्रात, ऐंशी टक्क्यांच्या निर्णयाप्रमाणे कोणत्या उद्योगांनी माहिती दिली. उत्तराची मुदत ३० दिवस आहे आणि तुमच्या मतदानाला अजून सहा आठवडे आहेत, तेव्हा अर्ज या सोमवारीच टाका आणि पोच घ्यायला विसरू नका.